फोटो अस्सल, पण कोणत्या अर्थानं?

२५ मे १९६५ च्या रात्री अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या ल्युइस्टन या छोट्या शहरात मुहम्मद अली आणि सनी लिस्टन यांची हेवीवेट विश्वविजेतेपदाची लढत पहिल्याच फेरीत आटोपली. लिस्टन पाठीवर आडवा पडलेला आणि त्याच्यापुढे उभा राहून, उजवा हात छातीशी दुमडून, ऊठ म्हणून गरजणारा अली. बॉक्सिंगशी काडीचा संबंध नसलेल्यांनीही हे दृश्य कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. मात्र त्याचे गाजलेले फोटो दोन आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बावीस वर्षांच्या नील लायफरनं ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’साठी रंगीत फोटो काढला आणि जवळपास त्याच क्षणी असोसिएटेड प्रेसच्या जॉन रूनीनं कृष्णधवल. रूनीच्या फोटोला वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत क्रीडा विभागाचं बक्षीस मिळालं. लायफरच्या फोटोला तेव्हा त्याच्याच मासिकाचं मुखपृष्ठसुद्धा मिळालं नाही. त्याची कीर्ती पुढच्या काळात वाढत गेली.

आता समजा, कोणी हा ‘ओरिजिनल फोटो’ विकायला काढला, तर ती वस्तू नेमकी काय असेल? रूनीच्या निगेटिव्हवरून १९६५ सालीच डार्करूममध्ये काढलेली प्रिंट असू शकेल. तारेनं दुसऱ्या शहरातल्या वृत्तपत्राकडे गेलेली आणि तिथल्या यंत्रावर उमटलेली प्रत असू शकेल. लायफरच्या मूळ फिल्मवरून कित्येक वर्षांनी काढलेली, त्यानं स्वतः सही करून क्रमांक घातलेली मोठी प्रिंट असू शकेल. नंतरच्या एखाद्या प्रतीवर खुद्द अलीनं केलेली सही असू शकेल. मासिकाचं पान कापून फ्रेममध्ये बसवलेलं असू शकेल. या पाचांतलं काहीच बनावट नाही, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि इतिहासाचा पुरावा म्हणूनही प्रत्येकाची योग्यता निराळी आहे. विक्रेत्यानं पाचही वस्तूंना ‘अस्सल’ म्हटलं, तर तो खोटं बोलला असं म्हणता येणार नाही. गिऱ्हाईक मात्र फसलेलं असेल.

खेळांचे फोटो जमवण्याची हौस आपल्याकडेही मूळ धरते आहे. पुण्यात ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’सारखं क्रिकेटचं संग्रहालय उभं राहिलं आहे, सही केलेल्या फ्रेम ऑनलाइन विकल्या जातात, आणि जुन्या बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यालाही आता क्रिकेटरचा जुना फोटो रद्दीच्या भावानं द्यायचा नसतो, हे कळलं आहे. अशा वेळी ‘ओरिजिनल आहे का?’ एवढं विचारणं पुरेसं नाही. उत्तर ‘हो’ असंच येणार. नेमकं काय ओरिजिनल आहे, फोटो, कागद, सही की फक्त त्यावर चिकटवलेला होलोग्राम, हे विचारायला हवं आणि त्याचं उत्तर बिलावर लिहून मागायला हवं. हा हट्ट गिऱ्हाइकांनी धरल्याशिवाय हा बाजार सुधारणार नाही.

अमेरिकेतल्या बेसबॉलच्या संग्राहकांनी या गोंधळातून एक वाट काढली आहे. मार्शल फोगेल, खायबर ओझर आणि हेन्री यी यांनी २००५ साली बेसबॉल फोटोग्राफीवरच्या पुस्तकात जुन्या फोटोंचे चार प्रकार मांडले. पुढे पीएसए या प्रमाणीकरण कंपनीनं तीच पद्धत उचलली आणि लिलावांच्या यादीत ‘टाइप १’, ‘टाइप २’ हे शब्द रूढ झाले. पद्धत दोन प्रश्नांवर उभी आहे. प्रिंट मूळ निगेटिव्हवरून काढलेली आहे का? आणि फोटो टिपल्यापासून साधारण दोन वर्षांच्या आत काढलेली आहे का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर टाइप १. निगेटिव्ह मूळ, पण प्रिंट नंतरची असेल तर टाइप २. त्याच काळातली, पण नकलेच्या निगेटिव्हवरून किंवा तारेवरून आलेली प्रत टाइप ३. नक्कलही आणि नंतरचीही, तर टाइप ४.

चार्ल्स कॉनलन या न्यूयॉर्कच्या फोटोग्राफरवरून याचा अर्थ चांगला कळतो. कॉनलनचं पोटापाण्याचं काम वृत्तपत्रात मुद्रितं तपासण्याचं होतं; बेसबॉलचे फोटो त्यानं १९०४ पासून जवळपास चार दशकं काढले. डेट्रॉइटचा टाय कॉब तिसऱ्या बेसवर घसरत येतो आहे, धूळ उडाली आहे आणि न्यूयॉर्कचा जिमी ऑस्टिन तोल जाऊन उसळला आहे, हा १९१० सालचा फोटो त्याचाच. काचेच्या प्लेटवर टिपलेला. त्याच सुमारास काढलेल्या, पाठीवर कॉनलनचा शिक्का असलेल्या प्रिंटचं आणि त्याच प्लेटवरून ऐंशी वर्षांनी काढलेल्या प्रिंटचं चित्र एकच. नव्या प्रिंटमध्ये काही तपशील जास्त स्वच्छही दिसू शकतात. तरी संग्राहक पैसे मोजतो ते जुन्या प्रिंटसाठी, कारण तो कागद त्या काळात, त्या माणसाच्या हाताखालून गेला आहे. टाइप १ या लेबलात याचीच किंमत आहे. चित्र किती सुंदर आहे, हे ते लेबल सांगत नाही.

ही पद्धत उपयोगी आहे आणि आपल्या संग्राहकांनी ती समजून घ्यावी. पण ती डोळे मिटून उचलू नये. दोन वर्षांची रेघ बाजाराच्या सोयीसाठी ओढलेली आहे. फोटोग्राफरनं स्वतः दहा वर्षांनी, निवांतपणे, मनासारखी काढलेली प्रिंट या हिशेबात दुसऱ्या क्रमांकाची ठरते. तारेनं आलेल्या फोटोवर तर उघड अन्याय होतो. असोसिएटेड प्रेसची वायरफोटो सेवा १ जानेवारी १९३५ रोजी सुरू झाली आणि दूरच्या शहरातली घटना दुसऱ्या दिवशीच्या अंकात दिसू लागली. अशा प्रती थोड्या भुरकट असतात, मथळा फोटोच्याच कागदावर टंकलेला असतो, नीट पाहिलं तर आडव्या बारीक रेषा दिसतात. आता कल्पना करा, एखाद्या मराठी दैनिकाच्या दप्तरात ऑगस्ट १९७१ च्या ओव्हल कसोटीचा तारेनं आलेला फोटो सापडला. चंद्रशेखरनं ३८ धावांत सहा बळी घेतले आणि अजित वाडेकरांच्या संघानं इंग्लंडमध्ये पहिल्यांदा कसोटी आणि मालिका जिंकली, त्या सामन्याचा. अमेरिकन मोजपट्टीनं तो टाइप ३. पण त्या फोटोच्या पाठीवर उपसंपादकानं मोजून लिहिलेली कॉलमची रुंदी आणि छापल्याची तारीख असेल, तर आपल्यासाठी तो लंडनमधल्या टाइप १ प्रिंटपेक्षा मोलाचा आहे. तो विजय महाराष्ट्रातल्या घराघरांत कसा पोचला, याचा तो कागदी पुरावा आहे. परक्या मोजपट्टीनं तो स्वस्तात विकला जाऊ नये.

फोटोची पाठ हा म्हणूनच या सगळ्या व्यवहाराचा गाभा आहे. नवखा माणूस पुढची बाजू न्याहाळतो, जाणकार आधी फोटो उलटा करतो. वृत्तपत्रातल्या जुन्या फोटोच्या पाठीवर फोटोग्राफरचा किंवा एजन्सीचा रबरी शिक्का असतो, चिकटवलेली मथळ्याची पट्टी असते, ग्रंथालयात परत आल्याची तारीख असते, ब्लॉक करणाऱ्यासाठी पेन्सिलीनं लिहिलेले आकडे असतात. पुढच्या बाजूला कधी लाल चिनाग्राफ पेन्सिलीनं चौकट आखलेली असते, कधी खेळाडूच्या मागची गर्दी पांढऱ्या रंगानं पुसून टाकलेली असते. ज्याला भिंतीवर सुंदर चित्र हवं, त्याला हे डाग वाटतात. पण हे डागच सांगतात की हा कागद अमुक दिवशी अमुक टेबलावर होता. फोटोला नवी फ्रेम करताना पाठीला डिंक लावून पुठ्ठ्यावर डकवणारे फ्रेमवाले आणि ते करू देणारे मालक एका मिनिटात हा सगळा इतिहास मिटवून टाकतात.

कागदाची परीक्षा घरच्या घरीही बऱ्यापैकी करता येते. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग फोटोवर टेकवलं आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती छापखान्याची शाई आहे. म्हणजे तो फोटो नाही, पुस्तकाचं किंवा मासिकाचं पान आहे. खऱ्या फोटोत काळ्याकडून करड्याकडे जाणारी छटा सलग वाहते. जुनी सिल्व्हर जिलेटिन प्रिंट तिरकी धरून खिडकीच्या उजेडात पाहिली, तर गडद भागांवर, विशेषतः कडेला, निळसर चांदीची झाक वर आलेली दिसते. कागदातली चांदी दशकानुदशकं हळूहळू पृष्ठभागाकडे सरकल्यामुळे ती येते. ती हुबेहूब बनवणं सोपं नाही, पण ती नसली म्हणून फोटो नवा असंही ठरत नाही. नीट जपलेल्या प्रिंटवर ती फारशी येत नाही.

नोटा तपासायला वापरतात तो अतिनील टॉर्चही कामाला येतो. १९५० च्या दशकापासून फोटोच्या कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं मिसळू लागले आणि असा कागद अतिनील प्रकाशात निळसर चमकतो. या एका गोष्टीनं अमेरिकेतल्या कलाबाजाराला १९९० च्या दशकाच्या अखेरीस मोठा धक्का दिला. बालमजुरांच्या फोटोंसाठी प्रसिद्ध असलेल्या लुइस हाइनच्या सह्या आणि शिक्के असलेल्या प्रिंट लाखमोलानं विकल्या जात होत्या. हाइन वारला १९४० साली. त्यातल्या कित्येक प्रिंटच्या कागदात मात्र ही चमकणारी रसायनं निघाली, म्हणजे तो कागदच हाइनच्या मृत्यूनंतर तयार झालेला होता. चित्र हाइनचं, निगेटिव्ह हाइनची, तरीही वस्तू फसवी. फोटो खेळाचे नसले तरी धडा क्रीडासंग्राहकांना तंतोतंत लागू पडतो. या परीक्षेचा निकाल एकाच बाजूनं बोलतो, हेही ध्यानात ठेवावं. कागद चमकला तर तो १९५० पूर्वीचा नाही असं जवळपास ठामपणे म्हणता येतं. चमकला नाही, तर त्यावरून तो जुनाच असं सिद्ध होत नाही.

सहीचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे, कारण फोटोचं वय आणि सहीचं वय एकच असेल असं नसतं. डॉन ब्रॅडमन शेवटच्या कसोटीनंतर पन्नासहून अधिक वर्षं जगले आणि चाहत्यांच्या टपालाला सह्या करून उत्तरं पाठवत राहिले. तेव्हा १९३० च्या इंग्लंड दौऱ्यातल्या फोटोवरची ब्रॅडमनची सही १९८५ सालची असू शकते. फोटो खरा, सही खरी. ‘१९३० सालचा सही केलेला फोटो’ हे वाक्य तेवढं खरं नाही. यादीत असं वाक्य दिसलं, की कागदाची आणि शाईची तारीख वेगवेगळी विचारावी. शाई पुष्कळदा स्वतःच साक्ष देते. बॉलपेन अमेरिकेत १९४५ साली सर्रास विक्रीला आलं आणि रणजितसिंह वारले १९३३ साली. शार्पी हे मार्कर पेन १९६४ चं आणि पालवणकर बाळू गेले १९५५ साली. बॉलपेननं केलेली रणजींची किंवा शार्पीनं केलेली बाळूंची सही समोर आली, तर पुढे एक शब्दही बोलायची गरज नाही.

कधी अडचण वेगळ्याच ठिकाणी असते. ‘शूलेस’ जो जॅक्सन हा बेसबॉलचा विलक्षण फलंदाज जेमतेम अक्षरओळख असलेला. त्याच्या नावानं येणाऱ्या टपालावर बहुतेकदा त्याची बायको सही करायची. त्यामुळे जॅक्सनच्या हातची खरी सही अतिशय दुर्मीळ. १९११ सालच्या वसंतातल्या सरावशिबिरात लुइझियाना राज्यातल्या अलेक्झांड्रिया इथे काढलेला, त्यानं स्वतः सही केलेला एक फोटो ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात १४ लाख ७० हजार डॉलरला गेला. त्या किमतीत फोटोग्राफरची ओळख, प्रिंटचं वय, सहीची तपासणी आणि तो फोटो इतकी वर्षं कुठे होता याचा माग, या सगळ्यांचा वाटा होता. यातली एक कडी जरी निखळली असती, तरी तेवढी किंमत आली नसती.

मग प्रमाणपत्राचं काय? सही केलेल्या फ्रेमसोबत ‘सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी’ हा कागद हमखास येतो. तो कोण देतो, हे आधी पाहावं. विकणाऱ्यानंच छापून दिलेलं प्रमाणपत्र म्हणजे विकणाऱ्याचा शब्द, त्याहून जास्त काही नाही. तिऱ्हाईत तज्ज्ञाचं प्रमाणपत्र त्यापेक्षा बरं, पण तेही एक मत असतं. सही नमुन्यांशी जुळते असं तो सांगतो. ती होताना त्यानं पाहिलेली नसते. अमेरिकेत १९९० च्या दशकात एफबीआयनं ‘ऑपरेशन बुलपेन’ चालवून बनावट सह्यांच्या टोळ्या पकडल्या, तेव्हा खोट्या सह्यांबरोबर खोटी प्रमाणपत्रंही मिळाली. सॅन डिएगोच्या टोनी ग्विन या बेसबॉलपटूनं तर त्याच्याच संघाच्या दुकानात स्वतःच्या नावाच्या बनावट सह्या ओळखल्या. त्यातून मेजर लीग बेसबॉलनं २००१ साली साक्षीदारांची पद्धत सुरू केली. सही होताना किंवा वस्तू मैदानावरून उचलताना नेमलेला माणूस तिथे हजर असतो, तो लगेच क्रमांकाचा होलोग्राम लावतो आणि तो क्रमांक कोणालाही ताडून पाहता येतो. हा माणूस पुष्कळदा पोलीस खात्यातला असतो. सहीच्या बाबतीत ‘डोळ्यांदेखत’ आणि ‘तपासून’ या दोन शब्दांमधलं अंतर खूप मोठं आहे, आणि भारतीय गिऱ्हाइकानं ते विक्रेत्याला विचारलंच पाहिजे.

आणखी दोन शब्द असेच भुलवतात. ‘ऑफिशियली लायसन्स्ड’ याचा अर्थ एवढाच, की बोर्डाला, संघाला किंवा खेळाडूला पैसे देऊन चित्र वापरण्याची परवानगी घेतली आहे. फोटो जुना आहे किंवा सही हातानं केली आहे, असं ते मुळीच सांगत नाही. सही चित्राबरोबरच छापलेली असू शकते. ‘लिमिटेड एडिशन’चंही तसंच. २५० पैकी १७ वी प्रत या आकड्याला अर्थ येतो तो मर्यादा खरोखर पाळली गेली तरच. तेच चित्र दुसऱ्या आकारात, दुसऱ्या कागदावर आणखी पाचशे प्रतींत काढायची मोकळीक आहे का, हे विचारलं की विक्रेत्याचा चेहरा बरंच काही सांगून जातो.

फोटो, कागद आणि सही तिन्ही निखळ असूनही कहाणी खोटी असू शकते. क्रिकेटमधला कदाचित सगळ्यांत प्रसिद्ध जुना फोटो ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टर ट्रम्परचा: बॅट मागे उंच गेलेली, पुढचा पाय हवेत, क्रीझ सोडून झेपावणारा. तो इंग्लंडच्या जॉर्ज बेल्डमनं काढला. बेल्डम स्वतः मिडलसेक्सकडून खेळलेला, त्यानं सी. बी. फ्राय यांच्यासोबत १९०५ साली ‘ग्रेट बॅट्समेन’ हे सहाशे कृतिचित्रांचं पुस्तक काढलं, ज्यात रणजींचे फटकेही आहेत. ट्रम्परचा हा फोटो सामन्यातला म्हणून वर्षानुवर्षं मिरवला गेला. प्रत्यक्षात तो कॅमेऱ्यासाठी खेळून दाखवलेला फटका आहे. गिडियन हेग यांनी २०१६ साली याच एका फोटोभोवती पुस्तक लिहिलं. फटका खेळून दाखवलेला असल्यानं फोटोची थोरवी तसूभर कमी होत नाही. पण कोणी तो ‘ओव्हलवरच्या कसोटीतला क्षण’ म्हणून विकत असेल, तर ती फसवणूकच. मथळा हा फोटोचा भाग असतो आणि त्याचीही तपासणी व्हायला हवी. १९११ च्या भारतीय संघाच्या इंग्लंड दौऱ्यात पालवणकर बाळूंनी ११४ बळी घेतले. त्या काळातल्या एखाद्या समूहचित्रातल्या कडेच्या माणसाला बाळू ठरवलं, की फोटोची किंमत झपाट्यानं वाढते. अशा वेळी चेहरा जुळतो एवढ्यावर भागत नाही. नावं लिहिलेली दुसरी प्रत, तेव्हाच्या वर्तमानपत्रातला छापील मथळा, असं काहीतरी हातात असावं लागतं.

इथवरचा सगळा धोका एकेका गिऱ्हाइकाचा. अर्कान्सास राज्यातल्या जॉन रॉजर्सच्या प्रकरणात अख्खी दप्तरं बुडाली. रॉजर्स क्रीडावस्तूंचा व्यापारी. तो वृत्तपत्रांना सांगे, तुमचे जुने फोटो मला द्या, मी ते स्कॅन करून देतो, मूळ प्रिंट माझ्याकडे राहतील. खर्चाला कंटाळलेल्या कंपन्या राजी झाल्या. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या फेअरफॅक्स समूहानंही २०१३ मध्ये लाखो फोटो अमेरिकेला रवाना केले. जानेवारी २०१४ मध्ये एफबीआयनं रॉजर्सवर छापा घातला. एकच माल अनेकांना तारण ठेवणं, बनावट क्रीडावस्तू विकणं, असे कोट्यवधी डॉलरचे व्यवहार बाहेर आले आणि २०१७ च्या डिसेंबरात त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली. कॉनलनच्या सात हजारांहून अधिक निगेटिव्हही याच रॉजर्सच्या ताब्यात होत्या; २०१६ मध्ये त्या सुमारे १७ लाख ९० हजार डॉलरला लिलावात गेल्या. फेअरफॅक्सचे फोटो दूरच्या गोदामात अडकून पडले आणि पुढे लॉस एंजेलिसच्या एका कलादालनानं ते विकत घेतल्यावर त्यातले काही मायदेशी परतू लागले. दोन देशांच्या खेळाचा दृश्य इतिहास एका कंत्राटावरच्या सहीनं समुद्रापार गेला होता.

महाराष्ट्रात हा प्रश्न उद्याचा नाही, आजचा आहे. इथली जुनी दैनिकं, क्लब, जिमखाने आणि शाळा आपापली कपाटं रिकामी करत आहेत. कोल्हापूरचं खासबाग मैदान १९१२ चं. त्या परिसरातल्या तालमींच्या भिंतींवर मल्लांच्या तसबिरी लागलेल्या असतात. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकणाऱ्या खाशाबा जाधवांचे फोटो तर गावोगावी दिसतात. त्यातले कितीतरी फोटोवरून काढलेले फोटो असतात, कधी स्टुडिओत पुन्हा रंगवलेले. त्यांना टाइप ४ म्हणून बाजूला सारणं हा करंटेपणा होईल. कुठल्या तालमीनं, कधी, कोणाच्या फोटोवरून तो करून घेतला, एवढं पाठीमागे लिहिलं तर तोच कुस्तीच्या लोकप्रेमाचा दस्तऐवज ठरतो. ते न लिहिता ‘खाशाबांचा ओरिजिनल फोटो’ म्हणून विकला, तर तीच वस्तू लबाडी ठरते.

हक्काचा प्रश्न राहतो, आणि त्यात गिऱ्हाइकाची समजूत हमखास चुकते. प्रिंट विकत घेतली म्हणजे चित्र छापण्याचा हक्क विकत घेतला, असं होत नाही. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार फोटोवरचं स्वामित्व पूर्वी तो प्रसिद्ध झाला त्यानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षं टिकत असे; २०१२ च्या दुरुस्तीनंतर ते फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतं.  १९८३ च्या विश्वचषकाच्या फोटोंचं स्वामित्व तर अजून बराच काळ संपणार नाही. कपिलदेव चषक उंचावतो आहे, अशी हातातली प्रिंट घराच्या भिंतीवर लावायला कोणाला विचारावं लागत नाही, पण तिचे टी-शर्ट छापले तर लागेल. विक्रेत्यानं ‘सगळे हक्क तुमचे’ असं तोंडी सांगितलं असेल, तर ते हक्क त्याच्याकडे मुळात कसे आले, हे विचारावं.

तेव्हा मागणी अगदी साधी आहे. खेळाचा जुना फोटो विकणाऱ्यानं बिलावर चार गोष्टी लिहाव्यात: प्रिंट कोणत्या निगेटिव्हवरून आणि साधारण कधीची, सही असल्यास ती हाताची की छापील आणि कोणासमोर झाली, फोटो याआधी कोणाकडे होता, आणि पुनर्मुद्रणाचा हक्क सोबत येतो की नाही. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहावं. त्यानं किंमत थोडी उतरेल, पण ते लिहिणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक पुन्हा येईल. सचोटीनं धंदा करणाऱ्यांना यात घाबरण्यासारखं काहीच नाही.

वृत्तपत्रांनी आणि क्रीडासंस्थांनी तर याहून पुढे जायला हवं. फोटोंचं दप्तर स्कॅन करायला देताना पुढच्या बाजूइतकीच पाठही स्कॅन झाली पाहिजे, अशी अट कंत्राटात असावी. खर्च वाढेल, तो सोसावा. फोटो किती, कोणते आणि कोणत्या अवस्थेत दिले याची यादी दोन्ही बाजूंच्या सहीनं व्हावी. आणि काम संपून एकेक प्रिंट मोजून परत मिळेपर्यंत त्यातली एकही राज्याबाहेर न्यायची नाही, हे त्याच कागदावर लिहून घ्यावं.